हिरडीच्या रंगाचा पंखा

प्रिय बारक्या,

तुला अजून बारक्या म्हणणं ही आता थट्टाच आहे. मागे फोनच्या पडद्यावर तुझी दाढी पाहिली, तीत पांढरे केसही दिसले, तरी माझ्या तोंडून तेच नाव निघालं. पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे आणि बाबांना ताप-खोकला असं काही नाही. फोनवर बोलावं तर ते शेजारच्याच खुर्चीत बसलेले असतात आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत. मेसेज करावा तर तू अर्धा वाचतोस आणि अंगठा दाखवून मोकळा होतोस. म्हणून कागद घेतला. कवळ्यांच्या लॅबमध्येच बसले आहे. समोर कुणाच्या तरी वरच्या जबड्याचं प्लास्टर घट्ट होतंय, तोवर मला हात लावण्यासारखं काही नाही, आणि आमचे मालक आज इकडे फिरकलेले नाहीत.

तू दर वेळी विचारतोस, माशांच्या टाकीचा स्किमर चालतो का. मी दर वेळी ‘हो, चाललंय’ म्हणते आणि विषय बदलते, आणि तूही बदलू देतोस. आज पहिल्यापासून सांगते. मधेच उठून जाऊ नकोस.

तुझा तो विकतचा स्किमर तू तिकडे नोकरीला गेल्यावरही बरीच वर्षं राबला. मला त्या यंत्राचा आधी तिटकाराच होता. खाऱ्या पाण्यात बुडबुडे सोडायचे, माशांची घाण त्या बुडबुड्यांना चिकटून फेस होऊन वर चढायची, आणि वरच्या पेल्यात ते काळपट पाणी साठलं की मी नाक धरून ते मोरीत ओतायचं. आई म्हणायची, माणसांचं काढून झालं, आता माशांचंही आम्हीच काढायचं. पण तुझ्या त्या नारिंगी जोडप्यावर तिचा जीव होता. मोठी ती बायको आणि पिटुकला तो नवरा, हे तू सांगितल्यापासून ती मोठीला बाईसाहेब म्हणायची आणि त्याला नुसतं ‘अहो’. टाकीपाशी उभी राहून तिने ‘अहो, खाऊन घ्या’ म्हटलं की पेपर वाचणारे बाबा मान वर करून बघायचे. आई गेल्यावरही कितीतरी दिवस टाकीत दाणे टाकताना माझ्या तोंडून तेच यायचं आणि बाबा तशीच मान वर करायचे. मग मी गप्प राहून दाणे टाकायला लागले.

स्किमरची मोटर जळली आणि नळीला तडा गेला तेव्हा बाबांचं सुरू झालेलं होतं. तेव्हा त्याला आम्ही विसरभोळेपणा म्हणत होतो. जेवले की नाही ते आठवायचं नाही, मला आईच्या नावाने हाक मारायचे, आणि मोटर-दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून हातांना काम नव्हतं म्हणून ते हात एकमेकांना चोळत बसायचे. डॉक्टर म्हणाले, हातांना काहीतरी द्या. मी मटार सोलायला दिले. त्यांनी सालं पातेल्यात टाकली, दाणे कचऱ्यात, आणि वर माझ्याकडे असं पाहिलं की काम सांगायची माझीच पद्धत चुकली असावी. मग एका सुट्टीच्या दिवशी तुझ्या सामानाच्या खोक्यात मला एक जुना पाण्यातला पंप सापडला. तो मी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ‘बाबा, हा बघा बरं जरा.’ बारक्या, ते खुर्चीत सरळ झाले. पंप उचलून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्यांचा ठरलेला, ‘कधीपासून बंद आहे?’ दुकानात माणूस नमस्कार करायच्या आत ते हेच विचारायचे. मी म्हटलं, बंद नाही, याचा पंखा बदलायचाय. त्यांनी तो उलटासुलटा केला, कानाशी हलवून पाहिला, आणि म्हणाले, ‘उद्या या.’ नुसती वायर सुटलेली असली तरी गिऱ्हाइकाला उद्या या म्हणायचे, आठवतं ना? आई म्हणायची, यमदूत दारात आला तरी हे त्याला उद्या या म्हणतील. मी तिथेच हसत सुटले. बाबांनाही हसू आलं, कशाचं ते बहुतेक त्यांना कळलं नसावं.

काम समजायला मला वेळ लागला, त्यांना नाही. घरच्या घरी स्किमर कसा बनवायचा याचं तू तेव्हा पाठवलेलं सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. साध्या पंपाचा पंखा पाणी ढकलायला असतो, त्याला उभी पाती असतात. आपल्याला पाणी ढकलायचं नव्हतं, हवेचा भुगा करायचा होता, इतका बारीक की पाणी दुधासारखं दिसावं. म्हणून पाती कापून टाकायची, खालची चकती तेवढी ठेवायची आणि तिच्यावर प्लॅस्टिकच्या जाळीचे थर शिवायचे. पाणी आत घेणाऱ्या तोंडाला भोक पाडून हवेची बारीक नळी बसवायची. पाणी ओढताना पंप हवाही ओढतो आणि फिरती जाळी ती चिरून काढते. मी एवढं वाचेपर्यंत बाबांनी पुढचं झाकण काढून चुंबकाचा दांडा बाहेर ओढला होता आणि त्यावरचा पंखा नखाने उचकटून वेगळा केला होता. म्हणाले, हा पंप सुरू होताना कुठल्याही बाजूने फिरतो, त्याच्या मनाला येईल तसा, पण जाळीला उलट-सुलट नसतं, तेव्हा बरंच झालं. जाळी मी भांडी घासायच्या नव्या कोऱ्या चोथ्याची कापली. दातांच्या फटीत घालायचा तो चिवट दोरा लॅबमधून आणला. कात्री आईची, भरतकामाची, बगळ्याच्या आकाराची. शर्टाचं बटणसुद्धा कधी न लावलेला आपला बाप ती जाळी चकतीवर टाके घालून शिवत बसला. आयुष्यभर तांब्याची तार गुंडाळलेली बोटं होती ती, दोरा त्यांना परका वाटला नाही. शिवून झालं की दांडा दोन बोटांच्या चिमटीत धरून ते फुंकर मारायचे आणि चकती कुठे थांबते ते बघायचे. जड बाजू खाली येते. तिथली जाळी कणभर कापायची, पुन्हा फुंकर. मी शेजारी बसून ॲक्रिलिकच्या नळ्या जोडत होते. खालचं भांडं, वर निमुळती मान, त्यावर फेस पकडायचा पेला. माझ्या कामातलंच होतं ते. दातांऐवजी नळी, एवढाच फरक.

बादलीत मीठ कालवून पहिल्यांदा पंप सोडला तेव्हा आधी नुसती खरखर झाली. मग आतून हवा खेचल्याचा सुस्कारा आला आणि बघता बघता सगळी बादली पांढरी झाली. बाबा स्टुलावरून वाकून बघत होते. त्यांनी बोट बुडवलं, वर काढलं, आणि म्हणाले, ‘झालं. पोराला सांग, झालाय म्हणावं, घेऊन जा.’ पोराला म्हणाले. तो पंप तुझा आहे, मासे तुझे आहेत, तू त्यांचा मुलगा आहेस, सगळं एका वाक्यात बरोबर. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. त्या दिवशी मी फार सुखात होते. आता हसू येतं, बादलीभर बुडबुड्यांवर मी किती स्वप्नं बांधली. मला वाटलं, रस्ता सापडला. असंच एकेक काम देत गेलं तर बाबा हळूहळू परत येतील.

नव्या स्किमरला फेस धरायला काही दिवस लागतात हे तूच सांगितलं होतंस, म्हणून आम्ही वाट पाहिली. बुडबुडे भरपूर होत होते, पण मानेपर्यंत चढून फुटून जात होते. पेला कोरडा ठणठणीत. मी पाण्याची उंची वरखाली केली, हवेची नळी आवळली, सैल केली. मग वाटलं माझंच चुकलं, लॅबमधल्या मेणाच्या पॉलिशने मी नळी आतून चकाकवली होती, तेलकट काहीही असलं की फेस मरतो. सगळं उकलून व्हिनेगरने धुतलं. बाबांनी जाळी बदलून पुन्हा शिवली. तरी तेच. टाकीतलं पाणी पिवळट दिसायला लागलं होतं. ते बदलायला मी मिठाच्या पाण्याच्या बादल्या वाहत होते, कंबर मोडली होती, आणि तू फोनवर म्हणत होतास की धीर धर. तुला म्हणायला काय जातंय, असं मनात आलं, पण म्हटलं नाही.

मग एका सकाळी चहाचे कप घेऊन आले आणि पाहिलं. बाबांनी प्लग काढला होता, पंप बाहेर घेतला होता, आणि त्यांच्या त्या लांब चोचीच्या तेलदाणीने दांड्यावर एक थेंब सोडत होते. रोज सोडत असणार. आयुष्यात त्यांच्या हातून एकही मोटर थेंबभर तेल मिळाल्याशिवाय गेली नाही, ही का जावी? मी समजावलं, बाबा, हा पाण्यातला पंप आहे, पाणीच याचं तेल. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘अगं हो की, एवढं कसं लक्षात आलं नाही,’ म्हणाले आणि स्वतःवरच हसले. सगळं परत धुतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा थेंब. तेलदाणी लपवली तर डोक्याचं तेल घातलं. ते लपवलं तर फोडणीचं. मी तेलदाणीत पाणी भरून ठेवलं, तर त्यांनी ते अंगठा आणि बोटात चोळलं, हुंगलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘भेसळ आहे, परत देऊन ये.’ मी टाकीखालच्या कपाटाला कुलूप लावलं, तेव्हा त्यांनी पेचकसाने बिजागरीच काढून ठेवली. शेवटी मी सगळी हत्यारं उचलून माळ्यावर टाकली. त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून बसले, जेवले नाहीत, आणि दिवसा त्यांच्यासोबत असतात त्या मावशींवर चोरीचा आळ घेतला. मावशी भल्या, म्हणाल्या, मी नेलं होतं हो, आत्ता आणून देते. मी माळ्यावरून पेटी खाली काढली. तेलदाणी परत भरून दिली, खऱ्या तेलाने. मासे की बाबा असा प्रश्न होता. तू असतास तर काय केलं असतंस मला माहीत नाही. तू नव्हतास, म्हणून मी ठरवलं.

बाईसाहेब आधी गेल्या. मावशींना त्या दगडाशी आडव्या पडलेल्या दिसल्या. ‘अहो’ मग हीटरच्या मागे एका कोपऱ्यात राहायला लागला, दाण्याला वर येईना. तू सांगितलं होतंस की या जातीत बायको गेली की काही काळाने नवराच बाई होतो आणि संसार पुढे चालवतो. आई गेल्यावर आपल्या बाबांना चहासुद्धा करता आला नाही, तेव्हा मी त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवली नव्हती. त्याला तेवढा वेळही मिळाला नाही. माशांच्या दुकानदाराला देऊन टाकावा असं मनात आलं होतं, पण रिकामी टाकी बघून बाबांचं काय होईल या भीतीने हात मागे घेतला. ती भीती खोटी निघाली. त्यांना रिकामी टाकी दिसलीच नाही. दगडामागे असतील, म्हणाले. गेल्या थंडीपासून ते दगडामागे आहेत. तुला सांगितलं नाही ते मुद्दाम, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तुला तिथे बसून रडण्यापलीकडे काय करता आलं असतं?

मासे गेले, पण पंप राहिला. दुसऱ्याच सकाळी बाबा टाकीपाशी जाऊन म्हणाले, ‘याचा पंखा बदलायला हवा. फेस धरत नाही. पोराचे मासे मरतील, तो शाळेतून आला की काय सांगायचं त्याला?’ पंप उघडला तर आत जाळी शिवलेली, त्यांनीच शिवलेली. त्यांनी ती निरखून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. आधी कुणीतरी हात घातलाय याच्यात, म्हणाले. दुसऱ्या मिस्त्रीकडे नेलेली वस्तू आपल्याकडे आली की त्यांना कसा राग यायचा तुला ठाऊक आहे. आता राग नव्हता, नुसता अपमान होता. दिवसभर टेबलाशी आलेच नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना रोज सकाळी हात न लागलेला पंप हवा. पण पाती एकदा कापली की कापली, रोज नवा पंखा आणायचा कुठून?

मग मी काय केलं ऐक. पहिल्याच दिवशी मापासाठी मी मूळ पंख्याचा साचा घेऊन ठेवला होता, कवळीचा घेतो तसा. आता त्या साच्यात कवळीचंच ॲक्रिलिक ओतायला लागले. पावडर, लिक्विड, कालवायचं, ओतायचं, घट्ट झालं की घासायचं. रंग एकच असतो आमच्याकडे, हिरडीचा. गुलाबी पंखे. जेवणाच्या सुट्टीत आठवडाभराचे करून ठेवते. मालकांनी विचारलं, ही कुणाची कवळी? म्हटलं, पंपाची. त्यांनी पुढे विचारलं नाही, ॲक्रिलिकचा हिशेबही मागितला नाही. संध्याकाळी घरी गेले की मी बाबांची जाळी उतरवून डब्यात टाकते, दांड्यावर नवा गुलाबी पंखा बसवते, पंप बंद करून टेबलावर ठेवते. सकाळी बाबा येतात, कधीपासून बंद आहे विचारतात, पाती कापतात, जाळी शिवतात, फुंकर मारतात, तेलाचा थेंब सोडतात, आणि दुपारी पंप टाकीत जातो. पाण्यात बुडबुडे येतात. फेस येत नाही, आणि यायचं कारणही उरलेलं नाही. कापलेली गुलाबी पाती मावशी केरात लोटतात. एकदा म्हणाल्या, ‘ताई, तुमच्याकडे रोज तोच दिवस येतो.’ मी म्हटलं, येतोय तोवर येऊ दे.

आता त्या फोनचं सांगते. तू मागे चेहरा दाखवून बोललास, तेव्हा बाबांनी तुला नमस्कार केला. तुला बरं वाटलं असेल. मग तू म्हणालास, बाबा, मी बारक्या. ते माझ्याकडे बघायला लागले. तू परत म्हणालास, दाढी हाताने झाकून दाखवलीस, लहानपणीची ती सायकलची गोष्ट सांगितलीस, आणि त्यांनी मला कानात विचारलं, हा माणूस पोराचं नाव का सांगतोय? तुझा आवाज फाटला आणि तू फोन ठेवलास. तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. त्यानंतर इथे काय झालं ते तुला माहीत नाही. त्यांच्या मनाने घेतलं की दाढीवाला अनोळखी माणूस फोन करून मुलाचं नाव घेतो म्हणजे मुलाचं काहीतरी झालंय. त्यांनी शर्ट चढवला, बटणं खालीवर लावली, आणि मी दूधवाल्याशी बोलत होते तेवढ्यात मागच्या दाराने निघून गेले. मी आणि मावशी गल्लीगल्लीत हाका मारत फिरलो. ते तुझ्या शाळेच्या फाटकाशी सापडले. फाटकावरच्या माणसाचा हात धरून उभे होते आणि परत परत विचारत होते की धाकटी मुलं सुटली का, आमचा आत आहे ना. पायात चपला नव्हत्या. त्या माणसाने त्यांना खुर्ची दिली होती, ती त्यांनी घेतली नव्हती. मी म्हटलं, बाबा, तो घरी आलाय, झोपलाय. तेव्हा चालायला लागले. घरी येईपर्यंत विसरले, हे एक बरं झालं. पण ती भीती त्यांच्या अंगात राहते रे. कशाची ते विसरतात, भीती राहते. त्यानंतर कितीतरी दिवस दाराची कडी वाजली की दचकायचे.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं, हे पुढेच जाणार, मागे येणार नाही. ते मला दिसतंच आहे. हल्ली पाती कापून झाली की बाबा थांबतात. चकती हातात, जाळी समोर, कात्री समोर, आणि पुढे काय ते येत नाही. मी कामावर निघायच्या आधी दोनचार टाके घालून ठेवते, मग त्यांची बोटं तो धागा पुढे नेतात. मागच्या आठवड्यात तेही झालं नाही. गुलाबी पंखा तळहातावर घेऊन त्यांनी मला विचारलं, हे काय आहे, दात आहेत का? मी लॅबमध्ये येऊन साचा बाजूला ठेवला, आणि मग परत घेतला. डब्यात अजून पंखे आहेत. ते संपतील त्याआधी त्यांची गरज संपेल असं वाटतं. मला आशा नाही, बारक्या. कुणी विचारलं तर मी तसंच सांगते. फक्त संध्याकाळी पंखा बसवायचा एवढं ठरलेलं आहे, म्हणून घरी जाते.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. तू तिकीट काढल्याचं कळवलंस, नवा कोरा स्किमर घेतलास म्हणालास, बाबांना सरप्राइज देऊ म्हणालास. ये. तिकीट रद्द करू नकोस. पण तो स्किमर तिथेच कुणाला तरी देऊन टाक. चालणारं यंत्र या घरात आलं तर त्यांना सकाळी उठायला कारण राहणार नाही. आणि दारात उभा राहून बाबा म्हणू नकोस. मी बारक्या असं सांगू नकोस, मिठी मारू नकोस. मीही तुझी ओळख करून देणार नाही. गिऱ्हाईक म्हणून ये. येताना एक बंद पडलेला पंप आण, खरोखर बंद असलेला, खोटं असलं तर ते अजून हाताने ओळखतात. त्यांना मिस्त्री म्हण. समोरच्या स्टुलावर बस आणि टाकीकडे बघू नकोस. ते पंप हातात घेतील आणि विचारतील, कधीपासून बंद आहे. काहीही सांग, पण आवाज नीट ठेव. मग ते तो कानाशी हलवतील आणि म्हणतील, उद्या या. हो म्हण आणि ऊठ. तुझी राहायची सोय मी मावशींच्या घरी केली आहे. दुसऱ्या दिवशी परत ये. त्यांना ना तू आठवशील ना पंप, ते परत विचारतील कधीपासून बंद आहे आणि परत म्हणतील उद्या या. अशी तुझी रजा असेपर्यंत तुला रोज त्यांच्यासमोर बसता येईल. फक्त तिकीट बदलून जितकं लवकरचं मिळेल तितकं लवकरचं घे. परवा मी स्वतःच पंप पुढे केला, तर ‘उद्या या’ म्हणायला त्यांना बराच वेळ लागला.

तुझीच,
ताई